द्राक्षाच्या पानातला धागा

५ डिसेंबर १९६६

आज पुन्हा चहा झाला.

चहा म्हणजे माझा प्रयोग. द्राक्षाची हिरवीगार पानं बर्फात गार केलेल्या खलात टाकली, बफर नावाचं क्षारांचं द्रावण ओतलं, प्रथिनं वेगळी करणारं फिनॉल ओतलं आणि बत्ता फिरवायला लागले. बघता बघता सगळं तपकिरी. वरून अल्कोहोल घातलं, तर पांढरे तंतू दिसायचे सोडून शेंबडासारखा गोळा तरंगायला लागला. शेंबूड हा शब्द प्रबंधात चालणार नाही, म्हणून इथे लिहून हौस भागवते.

हयवदन सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "द्राक्षाचं पान टॅनिननं भरलेलं असतं, नयना. त्यातून आरएनए काढायचा म्हणजे भांडखोर घरातून मुलगी पळवून आणायची. हाती लागेपर्यंत तिचे केस विस्कटलेले, साडी फाटलेली." सर धारवाडचे, मराठी बोलतात ते असं.

आरएनए हा पेशीतला लांबलचक, फार नाजूक धागा. रोपांना रोग देणारे बरेचसे विषाणू म्हणजे तर नुसता तो धागा आणि वर एक अंगरखा. इथे बंगळूरजवळ, देवनहळ्ळीकडच्या बागांत वेलींची पानं पिवळी पडून मुरडताहेत. कुणी म्हणतं खत कमी, कुणी म्हणतं विषाणू. सोक्षमोक्ष लावायचा तर पानातला धागा अखंड बाहेर यायला हवा. तंबाखूच्या पानातून तो सुरळीत येतो, म्हणून सगळं जग तंबाखूवर काम करतं.

"निपाणीची मुलगी, घरात तंबाखूच्या वखारी, आणि मॅडम द्राक्षाला लागल्यात!" प्रतिमाताई हसते. ती पुण्याची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचे यजमान श्रीकांत विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच मराठी, त्यामुळे भांडणं मनसोक्त होतात.

एप्रिलमध्ये कामाला पैसे देणारी समिती येणार. तोवर शुद्ध आरएनए दाखवला नाही तर द्राक्ष बंद, मी तंबाखूवर. मी मुळीच घाबरलेले नाही.

थोडीशी.

१२ डिसेंबर

आजचा दिवस माझा! शेजारच्या भौतिकशास्त्र विभागातून द्रवरूप नायट्रोजन मिळाला. मोठ्या थर्मासमधून धूर सोडत आला, जणू देवाची पालखी. पानं त्यात बुडवली आणि ती पापडासारखी कडकडली. बत्त्याचे दोन फटके, की पिठासारखी पूड. आणि रंग? हिरवा! शेवटपर्यंत हिरवा! फिनॉल घातल्यावर थोड्या वेळानं तपकिरी झालाच, पण आधी जे लगेच व्हायचं त्याला आता वेळ लागला. म्हणजे शत्रू गारठतो. गारठतो म्हणजे हरू शकतो.

मी नाचत प्रतिमाताईला दाखवायला वळले तर ती दाराबाहेर. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "फिनॉलचा वास आज जास्त लागतोय गं." इतकी वर्षं फिनॉलमध्ये हात घालणारी बाई! नाश्ता न करता येते, पित्त झालं असणार. मी तिला आल्याचा रस घ्यायला सांगितलं.

मग म्हणाली, "यापुढे फिनॉल तू हाताळ. तुझा हात बसायला हवा." माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्यासारखीनं असं म्हणावं!

२१ डिसेंबर

चोरी! प्रयोगशाळेमागच्या मांडवावरचे कच्च्या द्राक्षांचे घोस मी लाल दोऱ्यानं खूण करून ठेवले होते. पानांबरोबर फळांतूनही आरएनए निघतो का, ते बघायचं होतं. आज पाहते तर दोरे आहेत, द्राक्षं नाहीत. बुलबुल असते तर अर्धवट टोचलेली सापडली असती. हे माणसाचं काम. आणि इतकी आंबट द्राक्षं खाणार कोण? मी रसायनशास्त्राच्या मुलांवर आळ घेतला. ती बिचारी शपथा घ्यायला लागली.

प्रतिमाताईला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे ना, पानांवरच लक्ष दे." फारच थंड प्रतिक्रिया. हल्ली तिचं कामात मन नाही की काय?

३ जानेवारी १९६७

मन नाही म्हणत होते, माझी जीभ झडो. ती आजकाल प्रयोगशाळेपेक्षा ग्रंथालयात जास्त बसते, मला वाटलं कंटाळली. आज बोटीनं आलेल्या जुन्या नियतकालिकांच्या ढिगातून एक पान घेऊन आली. चहाच्या पानांतले एन्झाइम काढताना कुणी एक पांढरी पूड वापरलीय. पॉलिव्हिनिलपायरोलिडोन. मी तिला पीव्हीपीच म्हणणार, नाहीतर शाई संपेल. टॅनिन त्या पुडीला असं चिकटतं की दुसऱ्या कुणाकडे बघतच नाही.

"म्हणजे भांडखोर घरातल्या लोकांना पंक्तीला बसवायचं, आणि मुलगी मागच्या दारानं न्यायची," मी म्हणाले.

"सरांची संगत लागली तुला," प्रतिमाताई म्हणाली.

ही पूड औषधांच्या गोळ्या बांधायला वापरतात म्हणे. श्रीकांतरावांचा एक मित्र औषधाच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडून डबा येणार.

९ जानेवारी

चहा झाला नाही!!

पुन्हा लिहिते. चहा झाला नाही! गोठवलेल्या पानांच्या पुडीत पीव्हीपी मिसळली, मग बफर, मग फिनॉल, हलवलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. खाली हिरवट काळा चोथा आणि वर पाण्यासारखा नितळ थर. नळी उजेडात धरून मी इतका वेळ बघत बसले की हात दुखायला लागला. मग नळी घेऊनच व्हरांड्यातून पळत सुटले आणि सरांवर आदळले. त्यांचा चष्मा पडला, नळी वाचली.

सर चष्मा उचलून म्हणाले, "बरोब्बर. नळीच वाचवायची." मग नळी उजेडात धरून तेही बघत राहिले.

१४ जानेवारी

संक्रांत. मी राहते चिकपेटेत मामाकडे, खाली कापडाचं दुकान, वर घर. आज प्रतिमाताई आणि श्रीकांतराव तिळगूळ द्यायला आले. चंद्रामामीनं इकडच्या पद्धतीनं तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं असं एळ्ळु-बेल्ला वाटीत दिलं. प्रतिमाताईनं ते बाजूला ठेवलं आणि ताटातल्या लिंबाच्या लोणच्याची फोड चोखत बसली. मामी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "स्वल्प थांब गं अक्का," आणि आतून कागदात बांधलेली चिंच आणून तिच्या हातात कोंबली. प्रतिमाताई लाजली. श्रीकांतराव छताकडे बघायला लागले.

ते गेल्यावर मी मामीला म्हटलं, "पाहुण्यांना चिंच कुणी देतं का?"

मामी म्हणाली, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. "तू तुझी पानं वाट."

मामीचं वागणं कधी कधी समजतच नाही.

१९ जानेवारी

आज रडले. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

नितळ थरातून निघालेला आरएनए साखरेच्या पाकाच्या नळीवर ठेवून मोठ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. पाक तळाशी घट्ट, वर पातळ. लांब धागे खोल जातात, तुकडे वरच राहतात. अखंड असेल तर आलेखावर दोन टेकड्या दिसतात. मग नळीला तळाशी सुईनं भोक पाडून थेंब थेंब गोळा केले, प्रत्येकात आरएनए किती, त्याचं यंत्रावर वाचन घेतलं, आलेखाच्या कागदावर मांडलं.

दोन टेकड्या नाहीत. वरच्या टोकाला एकच ढीग. सगळ्या धाग्यांचा भुगा. म्हणजे चहा बंद झाला, पण कुणीतरी कात्री घेऊन आत बसलंय. सर म्हणाले, "आरएनए कापणारा एन्झाइम सगळीकडे असतो. काचेवर, पाण्यात, बोटांवर." सगळी काच भट्टीत भाजायला सांगितली.

"आणि समिती?" मी विचारलं.

"समिती एप्रिलमध्ये येणार. आज जानेवारी आहे. नाक पुस."

२७ जानेवारी

काच भाजली, पाणी उकळलं, तरी भुगा.

आज मात्र प्रतिमाताईनं नवीनच गोष्ट केली. मी खलापाशी उभी होते, ती मदतीला आली आणि कोलनवॉटर लावलेला रुमाल नाकातोंडावर घट्ट बांधला. डाकूसारखी दिसत होती. मी विचारलं, "हे काय?"

ती क्षणभर गडबडली, मग ठासून म्हणाली, "लाळेत तो एन्झाइम असतो. आपण नळीवर वाकून बोलतो, तुषार उडतात. म्हणून. तूही बांध. आणि तू तर जास्तच घट्ट बांध."

मी बोलते खरी. प्रयोग करताना मी आरएनएशी, बत्त्याशी, थर्मासशी, सगळ्यांशी बोलते. मला एकदम खजील झाल्यासारखं वाटलं. केवढं बारीक निरीक्षण बाईचं! मी ताबडतोब पंचा फाडून तोंडाला बांधला आणि हातांना रबरी मोजे घातले.

तिचं कोलनवॉटर कशासाठी ते विचारायचं राहिलं. निर्जंतुक करायला असावं.

६ फेब्रुवारी

शेंबडाचाही बंदोबस्त झाला! तो पानातल्या पिष्ट आणि चिकट साखरेच्या साखळ्यांचा गोळा असतो. अल्कोहोलनं तोही खाली बसतो आणि आरएनएला मिठी मारतो. सरांनी सुचवलं, लिथियम क्लोराइडचं दाट द्रावण घालून थंडीत ठेव. आरएनए खाली बसेल, साखर तरंगत राहील. ठेवलं. आज सकाळी नळीच्या तळाशी पांढरा, छोटासा, बाळाच्या नखाएवढा ठिपका. वरचा शेंबूड ओतून टाकताना मी त्याला निरोपाचं भाषण केलं. अर्थात रुमालातून.

१५ फेब्रुवारी

निवडणुकीच्या गाड्या चिकपेटेत कर्णे लावून ओरडताहेत. ओरडू देत. सगळ्या बंगळूरनं माझ्यासाठी ओरडावं आज.

दोन टेकड्या!

मी आकडे मांडत होते, प्रतिमाताई वाचनं सांगत होती. आकडे चढले, उतरले, पुन्हा चढले. पहिली टेकडी उंच, दुसरी तिच्या साधारण निम्मी. पुस्तकातल्यासारखं चित्र. द्राक्षाच्या पानातून! मी पेन्सिल टाकून तिला मिठी मारली तर ती म्हणाली, "हळू, हळू गं!" आणि मला दोन्ही हातांनी लांब धरलं. पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मग आम्ही दोघी हसत सुटलो, रुमाल बांधलेल्या तशाच.

निपाणीला आप्पांना तार केली, "दोन टेकड्या दिसल्या." पोस्टातल्या माणसानं दोनदा विचारलं, जमिनीचा व्यवहार आहे का म्हणून.

१० मार्च

आनंदावर विरजण. सरांनी आज सगळ्यांसमोर हुकूम काढला, फिनॉलला फक्त नयनानं हात लावायचा, प्रतिमानं नाही. तिचं टेबल उचलून दूर खिडकीपाशी नेलं. तिला दिलं काय, तर आलेख तपासणं आणि लेखाचा मसुदा. इतकी निष्णात बाई, तिला कारकून केलं! ती शाल गुंडाळून खिडकीत बसली. या उकाड्यात शाल! अपमानानं थंडी वाजत असेल माणसाला.

लग्न झालेल्या बायकांना असंच हळूहळू कडेला सारतात, हे मी ऐकून होते. सर तसे निघतील असं वाटलं नव्हतं. उद्या बोलणार. शिष्यवृत्ती गेली तरी चालेल.

११ मार्च

बोलले. कसं लिहू? कान अजून गरम आहेत.

सरांच्या खोलीत शिरून मी उभ्याउभ्याच सुरू केलं. "सर, पीव्हीपी प्रतिमाताईनं शोधलं. लाळेची गोष्ट तिनं ओळखली. तिला खिडकीत बसवणं हा अन्याय आहे."

सरांनी चष्मा काढला. "अन्याय?"

"तिचं लग्न झालंय म्हणून तुम्ही..."

"नयना," सर म्हणाले, "मला तीन मुली आहेत. त्यांच्या आईला प्रत्येक वेळी कशाचा वास सहन व्हायचा नाही, ते मला पाठ आहे. फिनॉल साध्या माणसाला चांगलं नाही. या अवस्थेत तर तिला त्या खोलीत उभंसुद्धा राहू देणार नाही मी."

"कुठल्या अवस्थेत?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग अगदी हळू म्हणाले, "तुला खरंच ठाऊक नाही? तिला वाटतं, मला कळलेलं नाही. म्हणून मीही बोलत नाही. पण मला वाटलं, निदान तुला तरी..."

मी खुर्चीवर बसले. न विचारता.

फिनॉलचा वास. चिंच. लोणचं. "हळू गं." शाल. आणि मी म्हणे शास्त्रज्ञ!

प्रतिमाताईला मांडवाखाली गाठलं. ती आधी घाबरली, मग माझा चेहरा बघून हसायला लागली, मग रडायला. म्हणाली, "पुण्यात एकीनं सांगितलं, तर दुसऱ्याच महिन्यात तिची जागा भरली. एप्रिलची समिती होईपर्यंत लपवायचं ठरवलं होतं. माझी शिष्यवृत्तीही त्यांच्याच हातात आहे ना."

"आणि द्राक्षं?"

"मीच खाल्ली. सगळी. नयना, इतकी छान लागली!"

"आणि रुमाल? लाळ?"

"वास मारायला बांधला होता. तू एकदम विचारलंस, मग सुचलं ते ठोकून दिलं." ती डोळे पुसत म्हणाली. "खरं निघालं, त्यात माझा काय दोष?"

रसायनशास्त्राच्या मुलांची माफी मागायला हवी.

घरी येऊन मामीला सांगितलं. मामी भाजी चिरत होती, मानही वर केली नाही. "आता कळलं होय?" म्हणाली.

२९ मार्च

देवनहळ्ळीकडच्या रोगट वेलींची पानं आणली. पिवळी, मुरडलेली, हातात घेतली की कशीतरीच वाटतात. त्याच पद्धतीनं सगळं केलं. नायट्रोजन, पीव्हीपी, फिनॉल, लिथियम, साखरेची नळी. प्रतिमाताई दुसऱ्या खोलीत खिडकीशी. मी वाचनं ओरडून सांगत होते, ती मांडत होती.

अचानक तिचा आवाज आला, "थांब. मागचं पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं.

"नयना, इकडे ये."

दोन टेकड्या होत्या. पण मोठ्या टेकडीच्याही पुढे, नळीत आणखी खोल, एक छोटा उंचवटा. निरोगी पानाच्या आलेखात तिथे सपाट मैदान आहे.

मी ओरडणार होते, तर तिनं माझं मनगट धरलं. "ओरडू नकोस. घाण असेल. नाहीतर नळी हलली असेल. पुन्हा कर. वेगळ्या वेलीचं पान घे, आणि बरोबर निरोगीही."

४ एप्रिल

पुन्हा केलं. आहे.

७ एप्रिल

तिसऱ्यांदाही आहे. निरोगी वेलीत नाही, रोगट वेलीत आहे. मग त्यात आरएनए कापणारा एन्झाइम मुद्दाम घातला, तर उंचवटा गेला. म्हणजे तो आरएनएच. विषाणूचाच, असं अजून म्हणता येणार नाही. प्रतिमाताई मला ते वाक्य उच्चारू देत नाही. पण रस्त्यानं चालताना मी ते मनात म्हणते, आणि पाय जमिनीला लागत नाहीत.

सरांनी आलेख पाहिला. समितीपुढे मी एकटीनं बोलायचं, प्रतिमानं त्या दिवशी घरीच राहावं, असं सुचवलं. कारण सांगितलं नाही, पण कुणी वेडंवाकडं बोलायला नको म्हणून, हे मला कळलं. दोघंही अजून एकमेकांपासून ते गुपित लपवताहेत, आणि मी मध्ये दोघांचं तोंड बघत!

शेवटी मीच म्हणाले, "सरांना डिसेंबरपासून माहीत आहे, ताई. आणि सर, तिला भीती तुमचीही वाटत होती."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डिसेंबर नाही. मार्च." आणि प्रतिमाताईनं खांद्यावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

१८ एप्रिल

द्राक्षाचं काम चालू राहणार! आणखी दोन वर्षं. प्रतिमाताईची शिष्यवृत्ती मधले काही महिने थांबेल, जागा मात्र तिचीच राहील. हे दुसरं मिळवायला सर बंद दाराआड बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा सदरा घामानं भिजला होता.

आता नीट सांगते. मी बोलायला उभी राहिले, आणि गेले कित्येक महिने अखंड बडबड करणाऱ्या माझी वाचाच बसली. समोर पाच जण. पहिला आलेख लावला, कसंबसं बोलले. तिसऱ्या उंचवट्यावर आले, तशी मधोमध बसलेल्या वयस्क गृहस्थांनी विचारलं, "हा अशुद्धपणा नाही कशावरून?" उत्तर मला पाठ होतं. तोंड उघडलं, शब्द आला नाही.

तेवढ्यात मागून दार वाजलं. प्रतिमाताई. घरी थांबायला सांगितलेली. निळी इरकली साडी, पोट चांगलं दिसतंय, ते झाकायचा कसलाही प्रयत्न नाही. सगळ्यांचे डोळे आधी तिकडे गेले, मग कागदांकडे, मग पुन्हा तिकडे. एका सदस्यानं खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना, बाई. तुम्हाला उभं राहणं..."

"नंतर बसते," ती म्हणाली. मग मधल्या गृहस्थांकडे वळून, "तीच शंका मलाही आली होती. म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. नयना, निरोगी वेलीचा आलेख वर लाव."

मी लावला. माझा आवाजही परत आला.

ती फळ्याकडे गेली आणि हात मागे करून माझ्याकडे खडू मागितला.